जीआर८६ ची चाकं: टायर आधी, रिम नंतर

९ मार्च २०२५

गाडी २०२३ ची टोयोटा जीआर८६, प्रीमियम, मॅन्युअल गिअरची. मुक्काम मिशिगनमध्ये, डेट्रॉइटच्या उत्तरेला. हिवाळी टायर उतरवून उन्हाळी चढवायच्या आधी कंपनीची १८ इंची चाकं बॅलन्सिंगला नेली होती. पुढच्या उजव्या चाकाची आतली कड चेपलेली निघाली. मशीनवर फिरताना ती लचकत होती. बाहेरून काहीच दिसत नव्हतं.

इथे नोव्हेंबरपासून पाणी डांबराच्या भेगांत शिरतं, रात्री गोठून फुगतं, दुपारी वितळतं, पुन्हा गोठतं. मार्च उजाडेपर्यंत रस्त्यात खड्डे पडलेले असतात, तेही धारदार कडांचे. त्यात १८ इंची रिमवर २१५/४० चा टायर. २१५ म्हणजे टायरची रुंदी मिमीत. त्याच्या भिंतीची, म्हणजे बाजूच्या रबराची, उंची त्या २१५ च्या ४० टक्के, म्हणजे ८६ मिमी. एवढ्याशा रबराने खड्ड्याची कड झेलायची.

रिम सरळ करून मिळेल, ती करून घेणारच आहे. पण उन्हाळ्यासाठी वेगळा संच घ्यायचं बरेच दिवस मनात होतं, ते आता करते. नोंदी नीट ठेवायच्या ठरवल्या आहेत, कारण या विषयावर मराठीत काही सापडत नाही आणि इंग्रजीत जे सापडतं त्यातलं निम्मं फोटोंपुरतं असतं.

गाडीचं काम असं: रोज ऑफिस, उन्हाळ्यात जिंजरमन या रेस ट्रॅकवर ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर चालवायचा दिवस), मधूनअधून पार्किंग लॉटमधलं ऑटोक्रॉस (शंकू मांडून, घड्याळ लावून चालवायची स्पर्धा). सस्पेन्शन कंपनीचं आहे, गाडी खाली केलेली नाही, करायचीही नाही.

१२ मार्च

आधी गाडीवर काय आहे ते लिहून काढलं.

पाच नट, १०० मिमीच्या वर्तुळावर. म्हणजे पीसीडी ५ बाय १००. हबचा (चाक ज्याच्यावर बसतं त्या भागाचा) मधला उंचवटा ५६.१ मिमी. स्टड (हबमधून बाहेर आलेले, नट बसवायचे दांडे) एम१२, म्हणजे १२ मिमी जाड. पीच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिमी. टोयोटाच्या बहुतेक गाड्यांना १.५ चा पीच असतो, पण ही गाडी सुबारूच्या गुन्मा कारखान्यात बनते आणि हब, स्टड सगळं सुबारूचं आहे. दुकानात नुसतं 'टोयोटाचे नट द्या' म्हटलं तर चुकीचे नट हातात पडतील, आणि पाना जोरात चालवला तर स्टडचे आटे जातील. नट आधी नेहमी हाताने फिरवून बघावा. तीन-चार फेरे बोटांनी सहज गेला पाहिजे.

रिम १८ बाय ७.५, ऑफसेट ४८. याच गाडीच्या साध्या आवृत्तीला १७ बाय ७.५ येते, तिचाही ऑफसेट ४८, टायर २१५/४५ आर१७. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर हवेचा दाब ३५ पीएसआय.

ऑफसेट म्हणजे रिमच्या रुंदीच्या बरोबर मध्यापासून हबला टेकणारा पृष्ठभाग किती बाहेर आहे ते अंतर. आकडा जितका मोठा, तितकं चाक आत. तो लहान केला की चाक फेंडरकडे (चाकावरच्या पत्र्याकडे) सरकतं. पण ऑफसेटचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, रुंदीसकट वाचावा लागतो. '३५ चा ऑफसेट बसेल का?' या प्रश्नाला रुंदी कळल्याशिवाय उत्तर नाही.

आणखी एक बघून ठेवलं. माझ्या गाडीला साधे ब्रेक आहेत, पुढे ३०० मिमीची डिस्क. २०२४ पासून या गाडीला ब्रेम्बोचे मोठे ब्रेक जादा पैसे देऊन मिळतात. तशी गाडी असेल तर १७ इंचाच्या काही रिम कॅलिपरला (डिस्क दाबून धरणाऱ्या भागाला) घासतात. रिम बनवणारे कॅलिपरचा कागदी साचा देतात, तो कापून आतून धरून बघायचा. व्यास जुळला म्हणजे झालं असं नाही, आऱ्यांचा बाकही आड येतो.

१५ मार्च

आज फक्त टायर. रिमची एकही जाहिरात उघडली नाही.

मला जे कळलंय ते असं: रस्त्याला टायर टेकतो, रिम नाही. पकड, आवाज, पावसातलं वागणं, खड्डा झेलणं, दर हंगामाचा खर्च, सगळं टायर ठरवतो. रिमने त्या टायरला योग्य रुंदी द्यायची आणि ब्रेकला आणि स्ट्रटला (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या उभ्या नळीला) न लागता फिरायचं. तरी लोक आधी रिमच्या प्रेमात पडतात, घेतात, आणि मग तिच्यावर चढेल तो टायर शोधत बसतात. १८ बाय ९.५ ची रिम घेऊन तिच्यावर २१५ ओढून बसवलेले फोटो बघवत नाहीत. ओढलेल्या टायरची कड रिमचं रक्षण करत नाही, आणि खड्ड्यात हवा जाण्याचा धोका वाढतो.

माझ्या अटी: चारही चाकांना एकच माप, म्हणजे पुढची मागे आणि मागची पुढे करून झीज सारखी करता येईल. भिंत ८६ मिमीपेक्षा उंच. एकूण व्यास मूळच्या जवळ. आणि त्या मापात एकापेक्षा जास्त कंपन्यांचे चांगले टायर मिळायला हवेत.

व्यासाचं गणित सोपं आहे. भिंतीची दुप्पट अधिक रिमचा व्यास (इंच गुणिले २५.४). मूळचा २१५/४० आर१८ येतो ६२९.२ मिमी. २२५/४५ आर१७ येतो ६३४.३. २४५/४० आर१७ येतो ६२७.८. म्हणजे २४५ घेतला तर मूळच्यापेक्षा दीड मिमीही कमी नाही. स्पीडोमीटर, एबीएस, गिअरिंग कशालाच धक्का नाही. आणि भिंत ९८ मिमी, म्हणजे १२ मिमी जास्त रबर. २२५ ची भिंत तर १०१ मिमी.

वजन पेलण्याचा आकडाही बघायचा असतो, तो बरेच जण बघत नाहीत. मूळच्या टायरवर ८५, म्हणजे ५१५ किलो. २४५/४० आर१७ वर ९१, म्हणजे ६१५ किलो. वर जायला हरकत नाही, खाली कधीच जायचं नाही.

दोन उमेदवार उरले: २२५/४५ आर१७ आणि २४५/४० आर१७. २२५ साठी ७ ते ८.५ इंच रिम चालते, २४५ साठी ८ ते ९.५.

१८ मार्च

संध्याकाळ कागद-पेन्सिलीत गेली. आत किती, बाहेर किती.

टायरवर २४५ लिहिलेलं असलं तरी टायर नेमका २४५ मिमी रुंद नसतो. प्रत्येक मापाला एक प्रमाण रिम ठरलेली असते. २४५/४० ची ८.५ इंच, तिच्यावर रुंदी २४८. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर साधारण ५ मिमी पसरतो. म्हणजे ९ इंचावर २५३. माझा मूळचा २१५/४० आर१८ साडेसातच्या रिमवर २१८. निम्मे करून वजाबाकी: प्रत्येक बाजूला साडेसतरा मिमी वाढ. आता ऑफसेट ४८ चा ४५ केला तर सगळं ३ मिमी बाहेर सरकतं. म्हणून स्ट्रटकडे साडेचौदा मिमी जास्त, फेंडरकडे साडेवीस.

२२५/४५, १७ बाय ८, ऑफसेट ४५: आत ३ मिमी, बाहेर ९. हे डोळे मिटून बसेल.

२४५ पण ९ इंचावर ऑफसेट ३५: आत जेमतेम साडेचार, पण बाहेर साडेतीस. फोटोत हे चाक फेंडरशी अगदी सपाट दिसतं आणि म्हणून विकलं जातं. मला ते नको. ऑफसेट १३ मिमीने उतरला की स्टिअरिंगच्या वळणाचा अक्ष आणि टायरचा मध्य यांतलं अंतर तितकंच बदलतं. रस्त्यातला प्रत्येक चर, ब्रेक मारताना एका बाजूची घसरण, सगळं स्टिअरिंगमधून हातात येऊ लागतं. या गाडीचं स्टिअरिंग हीच तर तिची दौलत आहे, ती दिसण्यापायी घालवायची नाही. शिवाय बेअरिंगवरचा भारही वाढतो.

म्हणजे प्रश्न एकच उरला. २४५, ९ इंच, ऑफसेट ४५ असताना आतले साडेचौदा मिमी गाडीत आहेत का?

२२ मार्च

हात काळे करायचा दिवस. तापमान १० अंशांच्या वर गेलं म्हणून गॅरेजचं दार उघडं ठेवून काम केलं.

सगळे फेंडरचं मोजतात, कारण तो दिसतो. या गाडीत पुढची खरी अडचण आत आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट. स्प्रिंग ज्या बशीवर बसते ती बशी टायरच्या आतल्या खांद्याच्या शेजारीच येते. मागे वेगळी रचना आहे, तिथे जागाच जागा. सगळा हिशेब पुढच्या दोन चाकांचा.

मोजायची पद्धत. मुलांच्या खेळण्यातली प्लास्टिसिन आणली. चाक उतरवलं, बशीच्या कडेला आणि तिच्याखाली स्ट्रटच्या नळीला मातीचे जाड गोळे चिकटवले, टायरच्या खांद्यावर पाण्याचा हात फिरवला म्हणजे माती टायरला चिकटत नाही. चाक परत चढवून, नट आवळून, गाडी जमिनीवर उतरवून थोडी मागेपुढे ढकलली. मग पुन्हा जॅक. गोळा टायरने दाबून जेवढा उरला, तेवढं अंतर. सुरीने मधोमध कापून व्हर्नियरने मोजलं. 

सर्वात अरुंद जागी २१ मिमीच्या आसपास निघालं, डावीकडे आणि उजवीकडे किंचित फरकाने. त्यातून साडेचौदा गेले की साडेसहा उरतात. पण हे कागदावरचं. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर शेजारी ठेवले तर रुंदीत सहज काही मिमींचा फरक दिसतो, आणि वळणात टायरही वाकतो. पाच मिमी खरोखर सुटत असतील तरच चालवणार, हे आजच लिहून ठेवते.

फेंडरकडे ओळंबा लावून बघितलं. चाक सरळ असताना साडेवीस मिमी बाहेर आलं तरी टायर झाकलेला राहतो. पूर्ण वळवल्यावर आतल्या प्लास्टिकच्या लायनरला लागेल की नाही, ते बसवल्यावरच कळेल.

२५ मार्च

पुण्याहून मामेभावाचा फोन. त्याच्याकडे पोलो आहे, जीटी टीएसआय.

"ताई, तुझ्या जुन्या रिम मला दे ना. पोलोलाही ५ बाय १०० च आहे. कुणी इकडे येणारं असलं की त्याच्याबरोबर पाठव."

पीसीडी त्याचं बरोबर आहे. पण पोलोच्या हबचा उंचवटा ५७.१ मिमी आणि माझ्या रिमचं भोक ५६.१. एका मिलिमीटरने रिम हबवर टेकणारच नाही. उलटं असतं, भोक मोठं आणि हब लहान, तर मध्ये कडं घालून भागतं. शिवाय पोलोला स्टडवर नट नसतात, हबमध्ये एम१४ चे बोल्ट जातात आणि त्यांची बैठक (रिमला टेकणारा भाग) गोल असते. माझ्या रिमची बैठक ६० अंशांची शंकूच्या आकाराची. गोल बैठकीचा बोल्ट शंकूत आवळला तर पानाला आवळल्यासारखं वाटतं, पण आत टेकलेला असतो फक्त एका रेषेवर.

"मग भोक लेथवर एक मिलिमीटर मोठं करून घेतलं तर?"

नको म्हटलं. तो भाग कंपनीने ताण मोजून बनवलेला असतो. आणि या रिम विकणारच नाहीये, ऑटोक्रॉससाठी लागतील.

त्यामागचं कारण असं. एससीसीए या अमेरिकन क्लबच्या सोलो, म्हणजे ऑटोक्रॉसच्या, स्पर्धांत 'स्ट्रीट' गटात रिमची रुंदी मूळचीच ठेवावी लागते, व्यास एक इंच इकडेतिकडे चालतो, ऑफसेट मूळच्यापासून ७ मिमीपर्यंत. टायर ट्रेडवेअर (टिकाऊपणाचा आकडा) २०० किंवा त्याहून वरचा. ९ इंचाची रिम लावली की गाडी त्या गटाबाहेर गेली, आणि पुढच्या गटात बरीच जास्त बदललेल्या गाड्यांशी सामना. म्हणून कंपनीच्या साडेसात इंची रिम जपून ठेवायच्या.

३० मार्च, पाडवा

सकाळी बाल्कनीत गुढी उभारली. दुपारी ऑर्डर टाकली.

रिम: एन्केई आरपीएफ१, १७ बाय ९, ५ बाय १००, ऑफसेट ४५. ही रिम ओतून मग तिचा बाहेरचा पट्टा फिरवत, दाबत पसरवलेला असतो. त्याने धातू दाट होतो आणि पातळ ठेवता येतो. फोर्ज्ड (घडीव) रिम याहून मजबूत, पण त्या पैशात मला टायरचे आणखी दोन संच येतात. मिशिगनच्या रस्त्यावर मी टायरवर पैसे घालीन.

जेडब्ल्यूएल आणि व्हीआयए हे दोन शिक्के रिमवर आहेत ना, ते बघून घेतलं. जेडब्ल्यूएल हे जपानचं मानक, व्हीआयए म्हणजे ते स्वतंत्रपणे तपासलं गेल्याची खूण. नावाजलेल्या रिमांच्या हुबेहूब नकला स्वस्तात मिळतात. नकली बूट उसवला तर चालणं थांबतं, नकली रिम ताशी १७० किलोमीटरला फुटली तर काय होईल ते लिहायला नको.

टायर: हँकूक व्हेंटस आरएस४, २४५/४० आर१७. ट्रेडवेअर २००. हा आकडा कंपन्या स्वतःच ठरवतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे २०० सारखे नसतात. २०० च्याच गटात योकोहामाचा ए०५२ आणि ब्रिजस्टोनचा आरई-७१आरएस जास्त चिकट आहेत, एकेका लॅपला वेगवानही. पण आरएस४ ट्रॅकवर तापून लवकर ढासळत नाही आणि पुष्कळ टिकतो. मला दिवसभर चालवायचंय, एकाच लॅपची वेळ नाही काढायची.

चिकट टायर न घेण्याला दुसरंही कारण आहे, ते गाडीच्या पोटातलं. या २.४ लिटर इंजिनात लांब उजव्या वळणात तेलाचा दाब खाली येतो, हे अनेक मालकांनी गेज लावून नोंदवलंय. पकड जितकी जास्त, तितकं तेल एका बाजूला जास्त सरकतं. टायर निवडताना इंजिनचाही विचार करावा लागतो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

१२ एप्रिल

खोकी आली. टायर चढवायच्या आधी एक रिम सामान तोलायच्या काट्याला टांगली: साडेसात किलोच्या आसपास. कंपनीची १८ इंची याहून दोनेक किलो जड आहे. आनंद झाला.

टायर चढवून पुन्हा टांगली. जुनं चाक टायरसकट साधारण साडेअठरा किलो, नवंही जवळजवळ तेवढंच, पाव किलो इकडेतिकडे. रिममध्ये वाचवलेलं सगळं वजन रुंद टायरने खाल्लं. इतकंच नाही, टायरचं वजन अक्षापासून सर्वात लांब असतं, त्यामुळे चाक फिरवायला लागणारा जोर कमी झालेला नसणार, थोडा वाढलाच असेल. 'हलक्या रिमने गाडी पळते' म्हणणाऱ्यांनी एकदा टायरसकट वजन करावं.

हवेच्या दाबाचे सेन्सर नवीन घातले. त्यांचे क्रमांक गाडीत नोंदवून घ्यावे लागतात, ते दुकानात करून घेतलं.

१३ एप्रिल

बसवलं.

हबवरचा गंज तारेच्या ब्रशने काढला. इथे रस्त्यावर मीठ टाकतात, हबचा पृष्ठभाग हिवाळ्यात फुगतो. त्याच्यावर चाक टेकवलं तर ते किंचित तिरकं बसतं आणि बॅलन्सिंग कितीही चांगलं असो, ताशी ८० किलोमीटरच्या पुढे थरथर. रिमचं भोक ७३ मिमी, म्हणून ७३ वरून ५६.१ वर आणणारं कडं. अॅल्युमिनियमचं घेतलं, ट्रॅकवर हब तापतो त्यात प्लास्टिकचं मऊ पडतं. मिठाने ते रिमला धरू नये म्हणून तांब्याच्या ग्रीसचा अगदी पुसटसा हात, फक्त कड्याला. स्टडला नाही. स्टड ओशट असला तर त्याच टॉर्कला नट कितीतरी जास्त ओढला जातो.

नट चांदणीच्या क्रमाने, शेवटी टॉर्क रेंच: १२० न्यूटन-मीटर, फूट-पौंडात ८९. या रिमची नटाची भोकं अरुंद आहेत, म्हणून १९ चा पातळ भिंतीचा सॉकेट लागला.

मग पुन्हा प्लास्टिसिन. डावीकडे साडेसहा, उजवीकडे सहाच्या थोडं वर. कागदावरचं गणित आणि मातीचा गोळा जुळले. स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवलं: उलट घेताना लायनरच्या पुढच्या खालच्या कोपऱ्याला टायर हलकेच पुसतो. तिथला क्लिप थोडा मागे ओढून बसवला, थांबलं.

१६ एप्रिल

शंभरेक किलोमीटर झाल्यावर नट पुन्हा टॉर्क केले. एक थोडा फिरला, बाकीचे जागेवर.

४ मे

कॅम्बर, म्हणजे समोरून पाहिलं तर चाक उभ्या रेषेपासून किती कललेलं आहे ते. हा भाग सविस्तर लिहिते, कारण चाकाच्या मापाशी त्याचा थेट संबंध आहे आणि तोच बहुतेकांकडून सुटतो.

कंपनीच्या सेटिंगला पुढच्या चाकांचा कॅम्बर जवळपास शून्य. वळणात गाडी कलली की टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो, आणि रुंद टायर घेतलेला असला तरी आतला भाग नुसता हवा खातो. म्हणजे २४५ घ्यायचा आणि निम्माच वापरायचा. दोन-अडीच अंश ऋण कॅम्बर हवा, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत कललेला.

तो आणायचे दोन रस्ते. स्वस्त रस्ता कॅम्बर बोल्टचा. स्ट्रट आणि नकल (हब ज्यात बसतो तो भाग) जिथे जोडलेत तिथे विक्षिप्त (मध्य सरकवलेला) बोल्ट घालून नकल आत कलवायचं. चाकाचा वरचा भाग आत येतो. पण स्ट्रट जागेवरच असतो! म्हणजे चाक स्ट्रटवर झुकतं. बोल्टपासून बशीपर्यंतची उंची धरून मोजलं तर दीड अंशाला तीन-चार मिमी जागा जाते. माझ्याकडे सगळी मिळून सहा आहे.

दुसरा रस्ता वरच्या कॅम्बर प्लेटचा. स्ट्रटचं वरचं टोकच आत सरकवायचं. स्ट्रट, नकल, चाक सगळं एकत्र कलतं, त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. आणि टायरचा वरचा काठ हबच्या मध्याच्या तुलनेत दर अंशाला साधारण साडेपाच मिमी आत जातो, त्यामुळे फेंडरकडची जागाही वाढते.

२२५ घेतला असता तर बोल्टवर भागलं असतं. २४५ साठी प्लेट लागते. तिचा खर्च टायरच्या मापाच्या हिशेबात धरायचा असतो. मी तो धरला होता, म्हणून आज प्लेट बसवल्या. अलाइनमेंट: पुढे ऋण २.५ अंश, मागे ऋण २, टो (वरून पाहिलं तर चाकांची पुढची टोकं आत-बाहेर किती वळलीत ते) पुढे शून्य, मागे किंचित आत. थोडा खडखडाट वरून ऐकू येतो, प्लेटमध्ये रबर नसतं. मान्य आहे.

७ जून

जिंजरमन. साउथ हेवन, लेक मिशिगनच्या काठाजवळ, २.१४ मैलांचा, ११ वळणांचा ट्रॅक. मोकळा आणि माफ करणारा. चुकलं तर गवतात जातो माणूस, भिंतीत नाही.

सकाळी थंड दाब ३१. दुसऱ्या सत्रानंतर ३७ वर गेला, हवा काढून गरम ३५ वर आणला. सत्र संपल्या संपल्या पिटमध्ये येऊन टायरचं तापमान सुई टोचून तीन जागी घेतलं: आत, मध्ये, बाहेर. डाव्या पुढच्याची आतली कड बाहेरच्यापेक्षा थोडी गरम, मधला भाग दोन्हींच्या मध्ये. असंच हवं होतं. ट्रॅक घड्याळाच्या दिशेने आहे, उजवी वळणं जास्त, म्हणून सगळा मार डाव्या पुढच्यावर. शून्य कॅम्बरवर त्याचा बाहेरचा खांदा पहिल्याच दिवशी गोल झाला असता.

गाडीत काय फरक पडला? ब्रेक उशिरा मारता येतो, हा पहिला. वळणात शिरताना आधी पुढची टोकं थोडी वाट बघायची, मग पकडायची. आता टाकलं की धरतं. पण मागचं टोक जे हलक्या हाताने सोडता यायचं, ते आता जास्त वेगाला आणि थोडं अचानक सुटतं. अरुंद टायरवर ही गाडी लाघवी आहे, २४५ वर ती गंभीर होते. ट्रॅकसाठी हे हवंच होतं. रोजच्या रस्त्यावर मात्र मला जुना २१५ कधीकधी जास्त आवडतो, कमी वेगातही तो बोलतो.

लांब उजव्या वळणात तेलाचं गेज बघत होते. एकदोनदा सुई किंचित झुकली, फार खाली गेली नाही. तेल पातळीच्या वरच्या खुणेपर्यंत भरून ठेवलं होतं.

स्ट्रटच्या बशीला सकाळी पांढऱ्या खडूचा पट्टा ओढला होता. संध्याकाळी चाक उतरवून पाहिलं, पट्टा अखंड.

२६ जून

हायवेवर जोराचा पाऊस. साचलेल्या पाण्यात पुढची चाकं तरंगल्यासारखी झाली, ९० किलोमीटरच्या आतच. रुंद टायर, उथळ खाचा, हलकी गाडी. वेग कमी केला, उजव्या लेनमध्ये आले. ज्यांना रोज पावसात लांब जावं लागतं त्यांनी २२५ घ्यावा, आणि २०० ट्रेडवेअरऐवजी कॉन्टिनेंटलच्या एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ सारखा टायर. दर वर्षी दोनचारदाच ट्रॅकवर जाणाऱ्याला तेवढा पुरून उरतो. मला कुणी विचारलं तर बहुतेकांना मी १७ बाय ८, ऑफसेट ४५, २२५/४५ हेच सांगीन. प्लेट नको, मोजमाप नको, चढवा आणि जा.

१९ जुलै

ऑटोक्रॉस, सरळ केलेल्या १८ इंची कंपनीच्या रिमवर. रिम मशीनवर आता सरळ फिरते, पण ती मागे लावली, पुढे नाही.

६ सप्टेंबर

पुढचे-मागचे टायर आपसांत बदलले. पुढच्या डाव्याची झीज आडवी अगदी सारखी, खाचेची खोली तिन्ही ठिकाणी मोजून. आतली कड रस्त्यावरच्या किलोमीटरांनी जास्त खाल्ली जाईल अशी मला शंका होती, कारण अडीच अंशांवर सरळ चालवताना भार आतच असतो. टो शून्य ठेवल्यामुळे ते झालं नाही. टायर खाण्यात टोचा वाटा कॅम्बरपेक्षा मोठा.

रिमला एकही चेप नाही. रस्ता तोच, खड्डे तेच.

२ नोव्हेंबर

सकाळी २ अंश. ७ च्या खाली उन्हाळी रबर कडक पडतं, पहिल्या चौकातच जाणवलं. संच उतरवला. धुऊन, आतून ब्रेकची काळी भुकटी काढून, प्रत्येकावर खडूने जागा लिहून तळघरात आडवे रचले. बाहेरच्या गॅरेजमध्ये ठेवत नाही. उणे ७ च्या खाली हे टायर तडकू शकतात, आणि इथल्या जानेवारीत गॅरेजमधला पारा त्याच्याही खाली जातो.

हिवाळ्यासाठी १७ बाय ७.५, २१५/४५ चे हिवाळी टायर. बर्फात अरुंदच बरा, तो खाली कापत जातो. नट १२० ला आवळले. शनिवारी पुन्हा तपासायचे.

एप्रिलसाठी यादी: पुढचे ब्रेक पॅड, ब्रेक फ्लुइड, आणि डाव्या पुढच्या प्लेटचं बेअरिंग वाजतंय का ते बघणे.